मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर : भावंडं एकाच घरची, दुखणीही एकच

शहापूर / मुरबाड : भातकापणी आटोपली, पेंढा रचून झाला की दोन्ही तालुक्यांत विहिरीच्या आणि ओढ्याच्या कडेला भाजीचे वाफे दिसू लागतात. कुठे मुळा पेरला जातो, कुठे कोबी-फ्लॉवरची रोपं लागतात, बांधाला मूठभर मोहरी टाकली जाते. बाजारात या भाज्या वेगवेगळ्या टोपल्यांत बसतात, म्हणून त्या वेगळ्या वाटतात. खरं तर ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत.

हे नातं कीड आणि रोग बरोबर ओळखतात. गेल्या वर्षी कोबी होता तिथे यंदा फ्लॉवर लावला आणि शेजारी मुळा पेरला, की पीक बदललं असं शेतकऱ्याला वाटतं. किडीच्या हिशेबाने मात्र तिथे काहीच बदललेलं नसतं. औषधाचा खर्च वाढतो, गड्डा पोखरलेला निघतो आणि विहिरीचं मोजकं पाणी वाया जातं. म्हणून हे कुळ ओळखणं फायद्याचं आहे.

कुळ ओळखायचं कसं?

पानं बघून फसायला होतं. कोबी, मुळा आणि मोहरी यांची पानं सारखी नसतात. ओळख पटते ती फुलावरून. मुळा किंवा मोहरी फुलावर आली की एक फूल हातात घेऊन बघावं. पाकळ्या चारच असतात आणि त्या अधिकच्या चिन्हासारख्या समोरासमोर मांडलेल्या असतात. आत सहा पुंकेसर असतात, चार लांब आणि दोन आखूड. फूल गळल्यावर उभी बारीक शेंग धरते. चार पाकळ्या, सहा केसर आणि शेंग हे तिन्ही जुळलं तर झाड मोहरीच्या कुळातलं समजावं.

जगभरात या कुळात साडेतीन हजारांवर जाती आहेत. आपल्या ओळखीच्या त्यातल्या थोड्याच :

• मोहरी, राई, सरसों
• कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल
• मुळा, सलगम
• अळीव

आता कुळात नसलेल्या भाज्या. गाजर मुळ्यासारखं जमिनीत वाढतं, पण ते कोथिंबिरीच्या कुळातलं. पालक आणि बीट राजगिऱ्याच्या कुळातले. मेथी वाल-हरभऱ्याच्या कुळातली. सॅलडचं लेट्यूस दिसतं कोबीसारखं, पण ते सूर्यफुलाच्या नात्यातलं आहे. फेरपालट ठरवताना ही यादी उपयोगी पडते.

रानातही या कुळाचे लांबचे नातलग आहेत. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला जिची भाजी करतात ती वाघाटी आणि पावसाळ्यात माळावर उगवणारी चिकट पिवळी तिळवण ही याच्या शेजारच्या कुळातली. शेवगा आणि पपई त्याहून थोडे दूरचे. शेवग्याच्या मुळाला मुळ्यासारखा झणका येतो, तो या नात्यामुळेच.

एकाच झाडापासून चार भाज्या

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने चार जाती नाहीत. युरोपच्या समुद्रकाठी वाढणाऱ्या एकाच रानटी रोपापासून माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून त्या घडवल्या. ज्या रोपाची पानं मिटून गड्डा व्हायचा ते निवडत गेले, त्याचा कोबी झाला. फुलाचा दांडा फुगणारं रोप निवडलं, त्याचा फ्लॉवर. खोड फुगणारं निवडलं, तो नवलकोल.

कोबी हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘कौव्ह’ या शब्दावरून मराठीत आला. फ्लॉवर इंग्रजांनी आणला. १८२२ साली उत्तरेत सहारनपूरच्या कंपनी बागेत त्याची पहिली लागवड झाल्याची नोंद आहे. म्हणजे फ्लॉवर भारतात येऊन दोनशे वर्षंच झाली. मोहरी मात्र आपल्याकडे फार जुनी. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची चाल आणि राईचा पर्वत करण्याची म्हण उगाच पडलेली नाही.

मोहरीचा जन्मही दोन भावंडांच्या संकरातून झालेला आहे. १९३५ साली नागाहारू ऊ या शास्त्रज्ञाने जपानमध्ये दाखवून दिलं, की आपली मोहरी ही सलगमची जात आणि काळी मोहरी यांच्या नैसर्गिक संकरातून तयार झाली. या घरात एकमेकांशी जुळणं सोपं आहे, हे बियाण्याच्या बाबतीत पुढे कामाला येतं.

झणका येतो कुठून?

अख्खी मोहरी तोंडात टाकली तर लगेच तिखट लागत नाही. तीच लोणच्यासाठी कुटून पाण्यात फेसली की नाकात जाते. कारण मोहरीच्या दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की ते एकत्र येतात आणि झणझणीत तेल तयार होतं. उकळत्या पाण्यात किंवा तापलेल्या तेलात हे काम करणारा पदार्थच मरतो. म्हणून फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही. फेसायला गार पाणी घेतात ते याचसाठी.

कोबी, मुळा, नवलकोल, अळीव या सगळ्यांत हाच प्रकार कमी-जास्त असतो. शिजलेल्या कोबीचा उग्र वास त्यातलाच. झाडाने हा झणका स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलेला आहे. गुरं आणि बहुतेक किडे त्यामुळे दूर राहतात. काही मोजक्या किडींनी मात्र तो पचवायला शिकून घेतलं आणि आता याच वासावरून त्या आपलं खाणं शोधतात. त्यामुळे एका भाजीवरची कीड दुसऱ्या भाजीवर सहज जाते.

मुख्य शत्रू : चौकोनी ठिपक्यांचा पतंग

कोबी-फ्लॉवरचं सर्वांत जास्त नुकसान ही कीड करते. पतंग लहान, करड्या रंगाचा असतो. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकोनी ठिपक्यांची ओळ दिसते. अळी हिरवी, जेमतेम एक सेंटिमीटर लांब. तिला बोट लावलं तर ती वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळते. ओळखायची ही सोपी खूण. अळी पानाचा हिरवा भाग खाते आणि पातळ पापुद्रा तसाच ठेवते, म्हणून पानाला खिडक्या पडल्यासारख्या दिसतात. पुढे ती गड्ड्यात शिरते.

उबदार हवेत तिची एक पिढी साधारण तीन आठवड्यांत पुरी होते. एका हंगामात अनेक पिढ्या होत असल्यामुळे ती औषधांना लवकर सरावते. डीडीटीला दाद न देणारी ही अळी १९५३ सालीच जावा बेटावर नोंदली गेली होती. त्यानंतर जगभर एकामागून एक औषधं तिच्यापुढे निकामी झाली. तेच औषध पुन्हा पुन्हा आणि जास्त कडक करून मारलं तर मरतात त्या कमजोर अळ्या. सरावलेल्या उरतात आणि त्यांचीच पुढची पिढी वाढते.

मोहरीचा सापळा

इथे मोहरी कामाला येते. या पतंगाला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने त्यावरून सापळा पिकाची पद्धत बसवली. ती अशी :

१. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी ठेवाव्यात.
२. त्यातली पहिली ओळ कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी पेरावी.
३. दुसरी ओळ कोबी लावल्यानंतर २५ दिवसांनी पेरावी. पहिली मोहरी जून होईपर्यंत दुसरी कोवळी तयार असते.
४. मोहरीवर अळी आणि मावा जमला की त्या ओळींवर फवारणी करावी, किंवा फार भरलेली रोपं उपटून जाळावीत.

चौथी पायरी चुकवू नये. मोहरी लावून तिच्याकडे पाहिलंच नाही तर तिथे किडीचं पाळणाघर तयार होतं आणि तिथून ती कोबीवर येते. लहान वाफा असेल तर कडेने मोहरी लावली तरी चालते, मात्र ती आधी उगवलेली हवी.

फवारणीची सुरुवात निंबोळी अर्काने करावी. दहा लिटर पाण्यासाठी अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी फडक्याने गाळून घ्यावं, त्यात २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि एकूण पाणी दहा लिटर करावं. हा पाच टक्के अर्क त्याच दिवशी वापरावा. फवारणी संध्याकाळी करावी. उन्हात अर्काचा जोर कमी होतो आणि दिवसा मोहरीच्या फुलांवर मधमाश्या असतात. अळ्या लहान असताना बीटी पावडरही चालते. ती अळीच्या पोटात जाऊन काम करते, म्हणून पानाच्या खालच्या बाजूलाही फवारा पोचला पाहिजे.

रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे अति विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. लेबलवर कोणतं पीक, किती मात्रा आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे तिन्ही छापलेलं असतं. गड्डा धुतला म्हणून आतल्या पानांतलं औषध जात नाही. तो गड्डा बाजारात जातो तसा घरच्या पोरांच्या ताटातही येतो.

घाण्या रोग

पानाच्या कडेला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा पिवळा डाग, टोक मधल्या शिरेकडे आणि डागातल्या शिरा काळ्या पडलेल्या. ही घाण्या रोगाची खूण. खोड आडवं कापलं तर आत काळं कडं दिसतं आणि पुढे गड्डा सडून घाण वास येतो. हा जिवाणूचा रोग आहे. तो बियाण्यातून येतो, पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो आणि न कुजलेल्या पाल्यात टिकून राहतो.

रोग झाल्यावर औषधाने तो बरा होत नाही, आधी काळजी घ्यावी लागते. रोगट रोप दिसताच उपटून वाफ्याबाहेर जाळावं. ते शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये, नाहीतर पुढच्या वर्षी खताबरोबर रोग परत शेतात जातो. पानं ओली असताना वाफ्यात फिरू नये, पाणी मुळाशी द्यावं. बी प्रक्रिया केलेलं नसेल तर ५० अंश सेल्सिअस गरम पाण्यात अर्धा तास ठेवतात. त्यासाठी थर्मामीटर लागतोच, अंदाजाने केलं तर बी मरतं. आणि ज्या जागेवर हा रोग आला तिथे निदान दोन वर्षं मोहरीच्या कुळातलं काहीही घेऊ नये, मुळासुद्धा.

गड्डा का धरत नाही?

फ्लॉवरची झाडं वाढली पण गड्डा बटणाएवढाच राहिला, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. फ्लॉवरच्या लवकर, मध्यम आणि उशिरा येणाऱ्या अशा जाती असतात आणि प्रत्येकीला ठरावीक थंडी लागते. लवकरची जात उशिरा लावली तर झाड लहान असतानाच बटण धरतं. उशिराची जात लवकर लावली तर नुसती पानं वाढत राहतात. म्हणून बियाणं घेताना पाकिटावर लागवडीचा महिना आधी वाचावा. दुसरं कारण म्हणजे जून रोप. चार ते पाच आठवड्यांचं रोप लावावं. सहा आठवड्यांच्या पुढे वाफ्यात अडकलेलं रोप स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

तिसरं कारण जमिनीत आहे. कोकणपट्टीच्या जोरदार पावसात जमिनीतला चुना आणि बोरॉन वाहून जातो, जमीन आंबट होते. बोरॉन कमी पडलं की फ्लॉवरचा गड्डा तपकिरी पडतो आणि खोड आतून पोकळ होतं. माती परीक्षणात कमतरता दिसली तर लागवडीआधी एकरी ४ ते ६ किलो बोरॅक्स जमिनीत देतात. जास्त दिलं तर तेच पिकाला विष ठरतं. आंबट जमिनीत फ्लॉवरची पानं चाबकासारखी अरुंद होतात, त्यावर चुना देणं हा उपाय आहे.

कोबीचा गड्डा फुटतो तो बहुधा पाण्याच्या अनियमितपणामुळे. आठ-दहा दिवस ताण आणि मग एकदम भरपूर पाणी, असं झालं की गड्डा तडकतो. थोडं पण ठरलेल्या दिवशी पाणी द्यावं. फ्लॉवरचा गड्डा मुठीएवढा झाला की त्याचीच पानं वर बांधावीत, म्हणजे उन्हाने पिवळा पडत नाही.

पाणी किती, त्यावर पीक ठरवा

मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, तरी इथल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातही विहिरींचा तळ लवकर दिसतो. त्यामुळे काय पेरायचं हे पाणी किती दिवस टिकेल यावरून ठरवावं.

• मुळा : पेरणीपासून ४० ते ४५ दिवस. पाला त्याआधीच विकता येतो. पाणी जानेवारीपर्यंतच असेल त्याने मुळाच धरावा. ‘पुसा चेतकी’ ही जात गरम हवेतही चालते. खडकाळ जमिनीत किंवा कच्च्या शेणखतात मुळ्याला फाटे फुटतात, म्हणून वरंब्यावर पेरावा.
• कोबी : रोप लावल्यापासून लवकरच्या जातीला, जसं ‘गोल्डन एकर’, दोन महिन्यांच्या आसपास. त्याआधी रोपवाटिकेचा महिना धरावा.
• मोहरी : दाण्यासाठी तीन ते चार महिने, पण पाणी कमी लागतं. उशिरा पेरली की मावा जास्त येतो.

दीड फुटाच्या अंतराने लावलं तर एका गुंठ्यात कोबीची जवळजवळ ५०० रोपं बसतात. एवढे गड्डे एकाच आठवड्यात तयार झाले तर गावच्या बाजारात खपत नाहीत आणि कल्याणच्या बाजार समितीत त्यांची गाठ पडते ती कसारा घाटातून येणाऱ्या नाशिकच्या आणि माळशेजमधून येणाऱ्या जुन्नरच्या मालाशी. तिथे मोठ्या शेतकऱ्याचा भाव चालतो. लहान शेतकऱ्याने रोपं पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत लावली तर आठवडी बाजाराला थोडा थोडा ताजा माल नेता येतो.

बी घरचं की विकतचं?

मुळा आणि मोहरी यांचं बी आपल्या हवेत धरतं, ते घरी ठेवता येतं. मुळ्याचे फूल मधमाश्यांमुळे दुसऱ्या मुळ्याशी जुळतं, म्हणून शेजारी वेगळ्या जातीचा मुळा फुलावर असेल तर बी मिसळ होतं. बियाण्यासाठी चांगली झाडं राखावीत आणि उरलेल्यांच्या कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी करावी.

कोबीचं तसं नाही. त्याला फुलावर यायला कित्येक आठवडे कडक थंडी लागते. ती हिमाचल-काश्मीरकडे मिळते, ठाणे जिल्ह्यात नाही. त्यामुळे कोबीचं बी विकतच घ्यावं लागतं. पाकीट सीलबंद असावं, तारीख पाहावी आणि पावती व रिकामं पाकीट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावं. बियाणं फसलं तर तक्रारीला तोच पुरावा असतो.

ताटात घेताना

अळीव लोहाने भरलेलं असतं, म्हणून बाळंतिणीला त्याचे लाडू देतात. मुळ्याचा पाला टाकून देऊ नये, मुळ्यापेक्षा जास्त जीवनसत्त्वं त्यातच असतात. कोबी-फ्लॉवर रोज भरपूर आणि कच्चा खाल्ला तर शरीराला आयोडिन वापरताना अडथळा येऊ शकतो. शिजवून खाल्ला आणि घरात आयोडिनयुक्त मीठ असलं तर काळजीचं कारण नाही.

धोका आहे तो मोहरीसारख्या दिसणाऱ्या बियांचा. पिवळा धोत्रा हे पडीक जागेत आणि रस्त्याकडेला उगवणारं काटेरी झाड. मोडलं की पिवळा चीक येतो. ते मोहरीच्या नव्हे, अफूच्या कुळातलं आहे. त्याचं बी काळं आणि मोहरीएवढंच असतं, पण मोहरी गुळगुळीत असते आणि धोत्र्याचं बी खडबडीत, खाचा असलेलं. त्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं तर पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर परिणाम होतो. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने साठाहून अधिक माणसं दगावली. घरची मोहरी झोडपण्याआधी शेतातला धोत्रा उपटून टाकावा आणि सुटं तेल घेणं टाळावं.

फेरपालट ध्यानात ठेवा

भाताच्या खाचरात पावसाळाभर पाणी असतं, जुना पाला कुजून जातो, ते एक बरं असतं. वरकस जमिनीवर आणि घरामागच्या वाडीत मात्र जिथे वर्षानुवर्षं भाजीच होते, तिथे फेरपालट केलीच पाहिजे. एका वर्षी कोबी किंवा मुळा झाला की पुढची दोन वर्षं त्या वाफ्यात वाल, चवळी, हरभरा, भेंडी, काकडी, वांगी, मेथी यांपैकी काहीही घ्यावं. वाल-चवळीने जमिनीत नत्रही वाढतं. तीन वाफे असतील तर दर वर्षी मोहरीचं कुळ एक वाफा पुढे सरकवावं. वाफ्याच्या कडेला खुंटी ठोकून तिच्यावर वर्ष आणि पीक लिहून ठेवलं तरी हिशेब राहतो.

माती परीक्षणासाठी आणि औषधाच्या शिफारशीसाठी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा शहापूर, मुरबाड येथील तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावं. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत नंबरवर मराठीतून सल्ला मिळतो. फोन करताना रोगट पान हाताशी ठेवावं आणि त्या जागी आधीची दोन वर्षं काय होतं तेही सांगावं. रोगाचं निम्मं कारण तिथेच सापडतं.